सामुदायिक सौर जलतापन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

शेजारी, गृहनिर्माण संस्थेचे सभासद किंवा वस्तीतील रहिवासी यांनी एकत्र येऊन सूर्याच्या उष्णतेवर घरगुती वापराचे पाणी तापवणारी यंत्रणा उभारणे, वापरणे व सांभाळणे यास सामुदायिक सौर जलतापन म्हणतात. बोलीभाषेत या यंत्रणेला 'सोलर' किंवा 'सौर बंब' असे म्हटले जाते. लाकूड किंवा कोळशावर चालणारा तांब्याचा बंब एकेकाळी अनेक मराठी घरांत होता, त्यावरून हे दुसरे नाव आले. स्वतंत्र घराच्या मालकाला सौर बंब बसवण्यासाठी कोणाची संमती लागत नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत मात्र बहुसंख्य कुटुंबे बहुमजली इमारतींत राहतात आणि ज्या गच्चीवर ऊन पडते ती सर्वांच्या मालकीची असते. त्यामुळे येथे सौर जलतापनाचा प्रश्न तंत्राइतकाच सहकाराचाही आहे.

पार्श्वभूमी

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत जागा परवडत नसलेल्या नोकरदार वर्गामुळे दोन्ही शहरे झपाट्याने वाढली. विजेच्या बाबतीत मात्र ती मुंबईपेक्षा वेगळ्या स्थितीत होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात विजेची मोठी तूट निर्माण झाली. तेव्हा मुंबई शहर भारनियमनापासून बहुतांशी मुक्त राहिले, पण खाडीपलीकडच्या या शहरांना त्याचा फटका बसला. सकाळच्या वेळी हजारो घरांतील गिझर एकाच सुमारास सुरू होतात आणि विजेची मागणी उसळी घेते. त्यामुळे पाणी तापवण्याचे काम विजेवरून उन्हावर नेणे हा तूट कमी करण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग मानला गेला.

याच दशकात दोन्ही महानगरपालिकांनी नव्या इमारतींना सौर जलतापन यंत्रणा बसवण्याची अट घालण्यास सुरुवात केली. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने हाती घेतलेल्या 'सौर शहर' कार्यक्रमात महाराष्ट्रातील नागपूर, औरंगाबाद, नांदेड व शिर्डी यांच्याबरोबर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचाही समावेश झाला. पारंपरिक ऊर्जेच्या अपेक्षित मागणीत पाच वर्षांत किमान १० टक्के घट करणे, हे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट होते. २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनने २०२२ पर्यंत देशात २ कोटी चौरस मीटर सौर संग्राहकांचे लक्ष्य ठेवले आणि काही वर्षे जलतापकांना अनुदानही मिळाले. राज्यात या कामाचे समन्वयन 'महाऊर्जा' (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण) ही पुण्यातील संस्था करते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही सौर जलतापनाची तरतूद आहे.

अटीमुळे यंत्रणा बसली, तरी ती चालू राहीलच असे नाही. भोगवटा प्रमाणपत्रापुरती बसवलेली आणि पहिल्या गळतीनंतर बंद पडलेली यंत्रणा या शहरांत अपरिचित नाही. ज्या इमारतींत रहिवाशांनी ती आपली मानून सांभाळली, तेथेच ती टिकली.

तत्त्व व रचना

सौर बंबाचे मुख्य भाग दोन: ऊन शोषणारा संग्राहक आणि तापलेले पाणी साठवणारी उष्णतारोधक टाकी. सपाट संग्राहकात काळ्या शोषक पट्ट्यांना तांब्याच्या उभ्या नळ्या जोडलेल्या असतात. नळ्यांची टोके खालच्या व वरच्या आडव्या नळांना मिळतात. वर जाड काच व खाली खनिज लोकरीचा थर असतो. नळीतील पाणी तापले की हलके होऊन वर चढते व टाकीत शिरते, आणि टाकीच्या तळाचे गार पाणी त्याची जागा घेते. थर्मोसायफन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभिसरणास पंप लागत नाही. मात्र टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवावा लागतो, अन्यथा रात्री प्रवाह उलटा फिरून पाणी गार होऊ शकते. सपाट संग्राहकांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १२९३३ हे मानक आहे.

दुसऱ्या प्रकारात दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या वापरतात. त्या स्वस्त असून ढगाळ दिवशी अधिक उपयोगी पडतात, पण नाजूक असतात. पाणीकपातीच्या दिवशी टाकी रिकामी झाली आणि दुपारी तापलेल्या कोरड्या नळ्यांत एकदम गार पाणी शिरले, तर काच तडकते. पाणीपुरवठा अनियमित असलेल्या भागात हा प्रकार निवडताना याचा विचार करावा लागतो.

साधारण २ चौरस मीटरचा सपाट संग्राहक स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० लिटर पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. २५ अंशांचे १०० लिटर पाणी ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे २ किलोवॉटचा गिझर दोन तास चालवण्याइतकी. वर्षातील २५० दिवस चांगले ऊन धरले तरी एका कुटुंबाची बचत १,००० युनिटांच्या आसपास जाते.

ठाणे व कल्याण सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे संग्राहक दक्षिणाभिमुख ठेवतात. त्यांचा उतार अक्षांशापेक्षा १० ते १५ अंश अधिक, म्हणजे ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवला जातो, कारण गरम पाण्याची खरी गरज हिवाळ्यात असते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य या शहरांच्या उत्तरेला असतो. त्या काळात असा उतार गैरसोयीचा ठरतो, पण मे महिन्यात गरम पाण्याची मागणी फारशी नसते आणि पुढे पाऊस सुरू होतो. पावसाळ्यात यंत्रणेला विजेच्या किंवा गॅसच्या साहाय्याची जोड लागतेच.

स्वतः बांधणी

सौर बंब ही कारखान्यातच होणारी वस्तू नाही. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात १९८० च्या दशकात शेतकरी व कारागिरांनी गट करून स्वतःचे संग्राहक बांधले. साधने सामाईक असत, सामान घाऊक खरेदी केले जाई आणि अनुभवी सभासद नवख्यांना शिकवत. पुढे त्या देशात सौर जलतापनाचा जो मोठा प्रसार झाला, त्याची मुळे या गटांत शोधली जातात. ब्राझीलमध्ये होजे अलानो यांनी २००२ मध्ये टाकाऊ प्लास्टिक बाटल्या व दुधाच्या खोक्यांपासून जलतापक बनवला व तो बांधण्याची रीत लोकांना खुली केली. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. शेतकामात एकमेकांना श्रम देण्याची 'इर्जिक' व 'सावड' ही पद्धत तिची जवळची नातलग म्हणता येईल.

शहापूर, मुरबाड या तालुक्यांतील स्वतंत्र घरे किंवा कल्याणच्या आसपासची बैठी घरे यांच्यासाठी अशी बांधणी शक्य आहे. संग्राहकाची पेटी, शोषक पट्ट्या कापणे व रंगवणे, उष्णतारोधक थर भरणे, काच बसवणे आणि चौकट उभी करणे ही कामे सामान्य माणसे करू शकतात. तांब्याच्या नळ्यांचे झाळकाम मात्र जाणकार फिटरकडेच द्यावे, कारण एका सदोष सांध्याने सारा संग्राहक निकामी होतो. ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवली एमआयडीसी येथील लहान कारखान्यांतून पत्राकाम व वेल्डिंग करून घेता येते.

साहित्याच्या निवडीत काटकसर कोठे करायची, याला महत्त्व आहे. लाकडी पेटी कोकणपट्टीच्या पावसात फुगते, म्हणून ॲल्युमिनियम किंवा जस्तलेपित पत्रा घ्यावा. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. टाकीकडून घरात जाणाऱ्या नळासाठी सीपीव्हीसी चालतो, परंतु संग्राहकाला लागून धातूचाच नळ असावा, कारण वापर नसलेल्या दिवशी संग्राहकाचे तापमान १०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. टाकीला हवा व वाफ बाहेर सोडणारी उघडी नळी अत्यावश्यक आहे. ती वाचवणे धोक्याचे आहे. बांधणी पूर्ण झाल्यावर काच बसवण्यापूर्वी नळ्यांत पाणी भरून किमान एक दिवस गळती पाहिली जाते.

इमारतीची गच्ची

बहुमजली इमारतीत पहिला प्रश्न जागेचा असतो. उदाहरणार्थ, सात मजली व प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असलेल्या इमारतीत २८ कुटुंबे असतात. प्रत्येकी १०० लिटर धरल्यास २,८०० लिटर पाणी व ५६ चौरस मीटर संग्राहक लागतात. ओळींची सावली एकमेकींवर पडू नये म्हणून सोडायची जागा मिळवल्यास हे क्षेत्र जवळपास दुप्पट होते. तरीही पाण्याची टाकी व लिफ्टची खोली वगळून उरलेल्या गच्चीवर ते सहसा मावते. घोडबंदर रस्त्यावरील २५ ते ३० मजली मनोऱ्यांत गणित उलटते: कुटुंबे चौपट होतात, पण गच्ची तेवढीच राहते. तेथे काही मजल्यांपुरते किंवा प्रत्येक घरातील एकाच स्नानगृहापुरते सौर पाणी देण्याचा मार्ग स्वीकारला जातो.

दुसरा प्रश्न गच्चीच्या आरोग्याचा आहे. पावसाळी गळती ही या भागातील संस्थांची जुनी डोकेदुखी असल्याने स्लॅबला भोके पाडण्यास सभासद विरोध करतात आणि तो विरोध रास्त आहे. चौकट स्लॅबवर ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना जखडली तर जलरोधक थर शाबूत राहतो व वाऱ्यालाही ती दाद देत नाही. भरलेल्या टाकीत पाण्याचेच वजन लिटरमागे एक किलो असते. त्यामुळे जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय काम सुरू करणे धोक्याचे ठरते. अनेक ठिकाणी गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असते. अशा वेळी संग्राहकांचा भार शेडच्या सांगाड्यावर येतो आणि त्याची वेगळी तपासणी करावी लागते.

गच्ची सामाईक असल्याने निर्णय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व संस्थेचे उपविधी यांच्या चौकटीत सर्वसाधारण सभेने घ्यावा लागतो. सभेतील वाद बहुधा ठरलेला असतो. एकटे राहणारे सभासद व मोठी कुटुंबे यांनी समान वर्गणी का द्यावी? भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाला लाभ काय? ज्याने नुकताच पाइप गॅसवरचा गिझर बसवला, त्याने का सहभागी व्हावे? यांपैकी शेवटच्या प्रश्नाला सुरक्षेची बाजूही आहे. हवा खेळती नसलेल्या स्नानगृहात गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून प्राणघातक अपघात होऊ शकतो. हा धोका सौर पाण्यात नाही. खर्चवाटपाची एकच योग्य रीत नाही. पण ती काम सुरू होण्यापूर्वी ठरावात लिहिलेली असणे फार उपयोगी पडते.

पाण्याची वाटणी

यंत्रणा सुरू झाल्यावर बहुतेक तक्रारी वाटणीच्या असतात. डोंबिवलीत सकाळच्या लोकलसाठी पहाटे निघणारा नोकरदार प्रथम स्नान करतो. आठनंतर स्नान करणाऱ्या ज्येष्ठांच्या वाट्याला कोमट पाणी येते. टाकीतून जितके गरम पाणी जाते तितके गार पाणी आत येते, हे त्याचे कारण. काही संस्था गरम पाण्याची वेळ ठरवतात, काही प्रत्येक विंगसाठी वेगळी टाकी बसवतात.

खालच्या मजल्यांची अडचण वेगळी आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी राहते. गच्चीपासून ३० मीटर अंतरावरील घराला गरम पाणी पोचण्यापूर्वी नळातले १५ लिटर गार पाणी सोडून द्यावे लागते. पाणीटंचाईच्या शहरात ही नासाडी खटकते. नळांवर उष्णतारोधक आवरण घालणे, तसेच पहाटे ठराविक वेळ लहान पंपाने पाणी टाकीकडे परत फिरवणारी नलिका बसवणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

सर्वांत चकवणारा दोष मिक्सर नळाचा. एखाद्या घरात गरम व गार पाण्याचा मिक्सर उघडा राहिला आणि पुढचा फवारा बंद असला, तर अधिक दाबाचे गार पाणी गरम पाण्याच्या नळात शिरते आणि वरखालच्या घरांना अकारण गार पाणी मिळते. संग्राहक बिघडला असे समजून दुरुस्ती सुरू होते, प्रत्यक्षात दोष एका स्नानगृहात असतो. प्रत्येक सदनिकेच्या गरम नळावर एकमार्गी झडप बसवल्यास हा त्रास टळतो.

देखभाल

बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातील क्षार नळ्यांत साठून अभिसरण मंदावते. त्यासाठी ठराविक काळाने सौम्य आम्लाने नळ्या धुतात. काचेवरील धूळ, विशेषतः बांधकामांच्या परिसरात, पंधरा दिवसांतून एकदा पुसली तरी फरक जाणवतो. पोलादी टाकीत गंज रोखण्यासाठी मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजून संपली की टाकी गंजू लागते, म्हणून तिची तपासणी वार्षिक कामांत धरली जाते. साठवलेले पाणी दीर्घकाळ कोमट राहिल्यास लिजिओनेला जिवाणूंची वाढ होऊ शकते. पावसाळ्यात बरेच दिवस ऊन नसल्यास साहाय्यक हीटरने टाकीचे पाणी अधूनमधून ६० अंशांवर नेणे त्यामुळे हिताचे असते. जेथे ही कामे कोणा एका सभासदाच्या हौशीवर सोडलेली असतात, तेथे तो सभासद घर बदलून गेला की यंत्रणा थंडावते. मासिक देखभाल शुल्कात तिच्यासाठी वेगळी रक्कम ठेवणाऱ्या संस्थांना हा प्रश्न कमी भेडसावतो.

सौर विजेशी स्पर्धा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत गच्चीवरील सौर विजेला अनुदान आहे, जलतापकांना नाही. त्यामुळे त्याच गच्चीवर विजेचे पॅनेल बसवण्याकडे संस्थांचा कल वाढला आहे. सौर विजेवर लिफ्ट, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे चालतात, सर्वांना समान लाभ मिळतो आणि वाटणीचे वाद उद्भवत नाहीत. तथापि पाणी तापवण्यापुरते पाहिल्यास सौर बंब त्याच जागेतून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळवतो, कारण तो उन्हाचा जवळपास निम्मा भाग उष्णतेत पकडतो, तर प्रचलित पॅनेल सुमारे पाचवा हिस्साच विजेत बदलतात. गच्ची पुरेशी असलेल्या इमारतींत दक्षिणेकडील मोकळी पट्टी संग्राहकांसाठी राखून उरलेल्या भागात पॅनेल बसवण्याची रचना शक्य असते.