मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी

एका विद्यार्थ्याची आई मध्यंतरी कॉलेजात भेटायला आली. नवऱ्याची दारू सोडवण्यासाठी खासगी केंद्रात पैसे भरले, त्यात मंगळसूत्र गहाण पडले. आता मुलाची फी कुठून भरणार? ही माऊली आधी भेटली असती तर, असे वाटून गेले.

व्यसन हा आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू व अमली पदार्थांमुळे जडणारे मनोविकार धरलेले आहेत. म्हणून पहिली पायरी जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची. बेळगावकरांना धारवाडची सरकारी ‘डिमहान्स’ संस्थाही जवळची. कुठे जावे हे कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा किंवा १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक फिरवावा. फोन मोफत आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. फिट येते, जिवावरही बेतते. चहातून गुपचूप औषध देणेही तितकेच घातक.

उपचारानंतर खरी कसोटी लागते. तेव्हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आधार देतात. तिथे फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे.

तेव्हा वाचकहो, लाज बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा. सावकाराची पायरी चढायची वेळ कदाचित येणारही नाही.