बोलण्याला आधीं वाट



धाराशिव जिल्ह्यांतील आमच्या उमरगा तालुक्यांत बाहेरगावच्या माणसांशीं बोलणें आतां पुष्कळदां घरच्या इंटरनेटवरूनच होतें. माझ्या घरचाच एक प्रसंग सांगतों. पत्नी आजारी होती. मी डॉक्टरांस फोनवर म्हणालों, "सकाळची गोळी दिली नाहीं." त्यांस ऐकूं गेलें, "सकाळची गोळी दिली." 'नाहीं' हा शब्द वाटेंतच हरवला! त्यांनीं पुन्हां विचारलें, म्हणून निभावलें. त्याच वेळीं शेजारच्या खोलींत नातू लग्नाचा व्हिडिओ पाठवीत होता.

असें कां व्हावें? इंटरनेटवर आवाज अखंड जात नाहीं; त्याचे तुकडे जणूं लिफाफ्यांत घालून पाठविले जातात. प्रचारांतील एका पद्धतींत सेकंदाला असे ५० लिफाफे निघतात. प्रत्येक सुमारें २०० बाइटांचा. म्हणजे सारा भार सेकंदाला अवघा ८० किलोबिट. व्हिडिओचा लिफाफा मात्र १५०० बाइटांपर्यंत असतो. घरांतून बाहेर जाणारी वाट सेकंदाला १ मेगाबिटाची असेल, तर असा एक लिफाफा जाण्यास १२ मिलिसेकंद लागतात. पुढें ५० उभे असले, तर आवाजाला ६०० मिलिसेकंद तिष्ठावें लागतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणें चांगल्या संभाषणांत एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा. व्हिडिओ उशिरां पोहोंचला तरी पुरा पोहोंचतो. उशिरां आलेला शब्द फुकट जातो.

ह्यावर उपाय राउटरमध्येंच आहे. पुष्कळ राउटरांत 'क्यूओएस' नांवाची सोय असते. ती आवाजाची रांग निराळी करून तिला आधीं सोडते. इंटरनेटवरचे कित्येक फोन आपल्या लिफाफ्यांवर ४६ ह्या आंकड्याची खूण करतात. तिच्यावरून राउटर ते ओळखतो. खूण नसल्यास ज्या यंत्रावरून आपण बोलतों, त्यालाच अग्रक्रम द्यावा.

येथें एक पथ्य आहे. बाहेर जाण्याचा खरा वेग मोजून त्याच्या शेंकडा नव्वद एवढी मर्यादा राउटरमध्यें घालावी. नाहींतर रांग राउटरच्या पलीकडे, मोडेममध्यें साचते आणि तेथें आपला नियम चालत नाहीं. शिवाय अग्रक्रम एकट्या बोलण्यालाच असावा. सर्वांनाच पहिला मान दिला, तर तो कोणालाच दिला नाहीं असें होतें.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट दिल्यानें इतर गाड्यांचा क्षणभरच खोळंबा होतो. व्हिडिओचेंही तसेंच. घराबाहेरच्या वाटेवर आपली सत्ता नाहीं. परंतु आपल्या उंबरठ्यावरून आधीं कोणी जावें, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. आमच्या घरीं आतां बोलणें आधीं जातें. नातवाचा व्हिडिओ थोडा उशिरां पोहोंचतो, आणि 'नाहीं' हा शब्द 'नाहीं' असाच ऐकूं जातो.