चाक हलकं, पण किती?

स्प्रिंगखालचं वजन घटलं की चाक रस्ता धरून राहतं, पिकअप आणि ब्रेकही सुधारतात. ओतीव अलॉय स्वस्त. फोर्ज्ड महाग, पण तेवढ्याच ताकदीला हलकं. दुकानात आधी डिझाइन दाखवतात, तुम्ही आधी मापं विचारा. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीला ५ बोल्ट, १०० मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि ५७.१ मिमी हब बोअर (मधलं भोक) लागतं. नव्या चाकाचं बोअर त्याहून मोठं असेल तर फट भरणारी हब-रिंग घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) जुळवा, भारक्षमतेचा आकडा वाचा. १७ इंची रिम दिसते झकास, पण टायरची भिंत बुटकी होऊन खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. बेंबळीसारख्या गावांकडच्या रस्त्यांवर रोज फिरायचं असेल तर १५ इंचीच बरी.