गोष्ट ओळखा पाहूं!

भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र कानीं असतो. तथापि शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं आमच्या घरीं एक खेळ रंगतो. एकानें विज्ञानकथेचें सार नांवें गाळून सांगावयाचें. इतरांनीं गोष्ट ओळखावयाची.

परवां धाकट्यानें विचारिलें, "प्राध्यापकांस अपघात होतो नि ते अशा जगांत जातात, कीं जेथें पानिपतावर मराठे जिंकले आहेत!"

"गंगाधरपंतांचें पानिपत!" सगळीं मुलें एकदम ओरडलीं.

मग आजींनीं घातलें, "शेंडेनक्षत्र आदळणार म्हणून घरीं शांतियज्ञ, संकट टळतें मात्र अणुस्फोटानें." 'धूमकेतू' हें उत्तर सोपें होतें, पण सोवळें पाळणाऱ्या आजींनीं तीच कथा निवडावी, याचें आम्हांस नवल वाटलें. त्या म्हणाल्या, "देवाला हात जोडावे; पण म्हणून दुर्बीण मोडूं नये."

शेवटीं आम्हीं लेखकच ओळखावयास सांगितला: नारायण विनायक जगताप. कोणासहि साधेना. आद्याक्षरें उलटीं वाचा म्हणतांच उलगडा झाला: जयंत विष्णु नारळीकर! मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा या टोपणनांवानें धाडली, हस्ताक्षरहि दुसऱ्याचें. आपल्या कीर्तीकडे पाहून परीक्षकांनीं झुकतें माप देऊं नये, हा हेतु. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें.

नांव झांकल्यावरहि जिची योग्यता झांकत नाहीं, ती खरी कथा. आमच्या खेळाची कसोटी तीच आहे. आणि मुलांना ती गोष्टींपुरतीच न वाटतां माणसांनाहि लावतां यावी, एवढीच आमची इच्छा.