चोर सुटला, फोन अडकला

बारामती-इंदापूर भागात मोबाईलवरील खेळांबाबत एक निराळीच तक्रार हल्ली आमच्या कानी येते. मुलगा दिवसभर खेळतो, पुस्तक उघडत नाही, ही जुनी तक्रार पालकांची. नवी तक्रार मुलांची आहे. "आम्ही काही केले नाही, तरी खेळाने आम्हाला कायमचे बाहेर काढले," असे ती सांगतात.

हा प्रकार काय, ते आधी पालकांसाठी सांगतो. नेमबाजीच्या ऑनलाईन खेळांत ठिकठिकाणची मुले एकमेकांविरुद्ध खेळतात. त्यांतले काही चोरटे सॉफ्टवेअर टाकतात. मुले त्याला 'हॅक' म्हणतात. त्याने भिंतीआडचा गडी दिसतो, नेम आपोआप लागतो. अशांना पकडण्यासाठी कंपन्यांनी पहारेकरी प्रोग्रॅम बसवले. पूर्वी पकडलेल्याचे फक्त खाते बंद होई आणि तो गडी पाच मिनिटांत नवे खाते काढून पुन्हा हजर होई. म्हणून आता फोनच ओळखून बंद करतात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जी मोबाईलवर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीचा बीजीएमआय आला, हे मुलांना तोंडपाठ आहे. त्या बीजीएमआयच्या क्राफ्टन कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये लबाडी करणाऱ्यांचे फोनच कायमचे बाद करण्याचे जाहीर केले.

बंदी नेहमी एका खेळापुरतीच राहते असेही नाही. संगणकावरील खेळांसाठी अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने २००२ साली असा पहारा सुरू केला. तिच्या जुन्या खेळांत नियम असा, की एका खेळात सापडला तर त्याच इंजिनावर चालणारे तिचे इतर खेळही त्याला बंद.

लबाडाला शिक्षा व्हावी, याबद्दल आमचे दुमत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या आपल्या देशातील संघाचा एक खेळाडू भर सामन्यात हॅक वापरताना सापडला. संघ स्पर्धेबाहेर गेला आणि पाठोपाठ मोडला. काही न करता बाकीच्या चौघांचे स्थान गेले. त्या खेळाडूवर मात्र ई-स्पोर्ट्सच्या सचोटी आयोगाने पाच वर्षांची बंदी घातली. ती एका आयोजकापुरती नव्हती, आयोगाशी जोडलेल्या सर्वांच्या स्पर्धांना लागू होती. इथे निदान माणूस कोण, हे तरी ठाऊक होते.

आपल्या घरांत नेमका हाच घोटाळा होतो. एक फोन, वापरणारे चार. सुट्टीत आतेभाऊ येतो, फोन मागतो, काहीतरी टाकतो आणि गावी निघून जातो. व्हॉल्व्हच्या कुटुंब योजनेत तर, घरातल्या कोणी तुमचा खेळ वापरून लबाडी केली तर तुम्हालाही त्या खेळातून बंदी, असे स्पष्टच लिहिले आहे.

त्याहून वाईट गत जुन्या फोनची. इंदापूर तालुक्यातील एका भगिनीने बारामती एमआयडीसीतल्या पगारातून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून मुलाला सेकंडहॅण्ड फोन घेतला. पहिल्याच संध्याकाळी खेळ उघडला, तर हे यंत्र बाद आहे अशी पाटी आली. बंदी आधीच्या मालकामुळे लागलेली. तो कोण, कुठला, कोणालाच माहीत नाही. दुकानदार म्हणाला, "फोन लागतो ना? मग झालं." कंपनीला लिहिले, तर साचेबंद इंग्रजीत उत्तर आले. मुलाला खेळ गेल्याचे फार वाटले नाही. गल्लीतली पोरे त्याला 'चीटर' म्हणू लागली, ते त्याला लागले. आई म्हणाली, "साहेब, पोराने हात पण लावला नव्हता हो."

आम्ही कारकुनी करतो. साधा शिपाई असला तरी त्याला आधी कारणे दाखवा नोटीस निघते. सरकारी नोकराला आपली बाजू मांडू दिल्याखेरीज बडतर्फ करता येत नाही, हे संविधानाच्या ३११ व्या कलमातच आहे. खेळाची कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हे मान्य. पण यंत्र चुकत नाही, हेही खरे नव्हे. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्हच्या पहाऱ्याने सुमारे १२,००० निर्दोष खेळाडूंना बाद केले होते. कंपनीने चूक कबूल केली, बंदी उठवली आणि भरपाई म्हणून एक खेळ फुकट दिला. चौकशी केली म्हणूनच ना ते उघडकीस आले! मग बंदीच्या पाटीखाली तारीख, कारण आणि दाद मागण्याचा पत्ता मराठीत देणे या कंपन्यांना काय जड आहे?

तोवर जुना फोन घेताना मुलाला बरोबर न्यावे. दुकानातच खेळ टाकून, स्वतःच्या खात्याने उघडून पाहावा. पावतीवर फोनचा आयएमईआय नंबर, तारीख आणि 'बंदी निघाल्यास परत' हे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्यावेत. खरेदीच्या आधीची बंदी असेल, तर दाद मागताना हीच पावती जोडावी लागेल. ती पिशवीत टाकून विसरू नये, रेशनकार्डाबरोबर ठेवावी.