व्ही आकाराच्या गिटारचे मूळ कसे ओळखतात?

इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार रॉक संगीताच्या मंचावर आता नवलाची राहिलेली नाही. परंतु हा आकार प्रथम बाजारात आला तेव्हा त्याला ग्राहक मिळणे कठीण झाले होते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या नोंदींनुसार 'फ्लाइंग व्ही' या नावाच्या ८१ गिटारी १९५८ मध्ये आणि केवळ १७ गिटारी १९५९ मध्ये कारखान्यातून रवाना झाल्या. त्यानंतर उत्पादन थांबविण्यात आले. या पहिल्या तुकडीतील अस्सल वाद्याला आज काही लाख डॉलर मोजावे लागतात, तर त्याच बाह्याकृतीची नंतरची अथवा अन्य कंपनीची गिटार त्याच्या अत्यल्प किमतीत मिळते. त्यामुळे एखादी दुर्मीळ व्ही गिटार समोर आली की तिचा आराखडा मुळात कोणाचा आणि ती प्रत्यक्षात केव्हा घडविण्यात आली, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. त्यांची उत्तरे केवळ आकारावरून मिळत नाहीत.

आराखड्याचा जन्म

फेंडर कंपनीने १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार बाजारात आणली. तिच्या नव्या घाटापुढे मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सन ही जुनी कंपनी परंपराप्रिय भासू लागली. जेट विमाने, रॉकेट आणि मागे पंख असलेल्या मोटारी यांचे अमेरिकेत आकर्षण असण्याचा तो काळ होता. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी या अभिरुचीला साजेसे तीन आराखडे तयार करवून घेतले आणि जून १९५७ मध्ये त्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला. जानेवारी १९५८ मध्ये ही पेटंटे मंजूर झाली. 'फ्लाइंग व्ही', 'एक्सप्लोरर' आणि 'मॉडर्न' अशा नावांनी हे तीन आराखडे पुढे ओळखले गेले.

यांपैकी 'मॉडर्न'ची कथा मूळ शोधणाऱ्यांना सावध करणारी आहे. तिचे पेटंट उपलब्ध आहे. परंतु त्या काळात तयार झालेली आणि सर्वमान्य ठरलेली एकही 'मॉडर्न' गिटार आजवर समोर आलेली नाही. कंपनीने त्या नावाची गिटार १९८२ मध्ये विक्रीस आणली. पेटंटवरील तारीख ही आराखड्याची तारीख असते, वाद्याची नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

फ्लाइंग व्हीला प्रारंभी मोजक्याच वादकांनी आपलेसे केले. लॉनी मॅक आणि ब्लूज वादक अल्बर्ट किंग ही त्यांतील प्रमुख नावे होत. पुढे मागणी वाढल्याने १९६७ च्या सुमारास गिब्सनने हा आकार सुधारित रूपात पुन्हा बाजारात आणला. जिमी हेंड्रिक्स यांच्या हाती दिसलेली व्ही गिटार याच दुसऱ्या पर्वातील होती.

लाकूड, तारा आणि बटणे

गिब्सनच्या या दोन पर्वांतील फरक बारकाईने पाहिल्यास डोळ्यांनाही दिसतो. पहिल्या तुकडीचे धड फिकट पिवळसर 'कोरिना' लाकडाचे होते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लिंबा वृक्षाच्या लाकडाचे हे व्यापारी नाव आहे. वनस्पतिशास्त्रानुसार हा वृक्ष आपल्याकडील हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांच्याच प्रजातीत मोडतो. दुसऱ्या पर्वातील गिटारी मात्र प्रामुख्याने मॅहॉगनीच्या होत्या.

पहिल्या तुकडीत तारा धडाच्या पाठीमागून ओवून घोडीवर आणलेल्या असत आणि त्या जेथून बाहेर येत तेथे व्ही आकाराची धातूची पट्टी असे. धातूचे भाग सोनेरी मुलाम्याचे होते. बसून वाजविताना वाद्य मांडीवरून घसरू नये म्हणून खालच्या पंखाच्या कडेला रबराची पट्टी बसविलेली असे. आवाज आणि स्वराचा पोत नियंत्रित करणारी तीन बटणे एका सरळ रेषेत होती. १९६७ च्या गिटारीत तारा धडातून ओवल्या जात नाहीत, बटणे त्रिकोणात मांडलेली आहेत आणि त्यांखालील संरक्षक पट्टीही मोठी आहे.

मात्र येथेच निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पहिल्या पर्वातील शिल्लक राहिलेल्या धडांपासून काही गिटारी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण करण्यात आल्या. त्यांवर सोनेरी मुलाम्याऐवजी निकेलचे भाग आढळतात. शिवाय १९८० च्या दशकापासून गिब्सनने कोरिना लाकडाच्या व्ही गिटारी पुन्हा तयार केल्या आहेत. म्हणजे निकेलचे भाग दिसताच वाद्य खोटे ठरत नाही आणि कोरिना लाकूड दिसताच ते अस्सल ठरत नाही.

आतील भागांची साक्ष

काळ निश्चित करण्यासाठी तज्ज्ञ वाद्याच्या अंतरंगात डोकावतात. आवाज कमी-अधिक करणाऱ्या बटणांखालील पोटेन्शिओमीटर या सुट्या भागावर अनेकदा अंकांची एक संकेतावली छापलेली असते. तिचे पहिले तीन अंक तो भाग बनविणाऱ्या कारखान्याचे असतात. उदाहरणार्थ, १३४ म्हणजे सेंट्रालॅब आणि १३७ म्हणजे सीटीएस. पुढील अंक वर्ष आणि आठवडा दर्शवितात. तो भाग मूळचाच असेल, तर गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही.

तारांची कंपने विद्युत संकेतांत रूपांतरित करणारे पिकअपही असेच बोलके असतात. सेथ लव्हर यांनी विकसित केलेल्या गिब्सनच्या दुहेरी वेटोळ्यांच्या पिकअपसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज करण्यात आला होता. तो मंजूर होण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ, म्हणजे साधारण १९६२ पर्यंत, त्यांच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी असे. पुढे त्या जागी पेटंट क्रमांकाची चिठ्ठी आली; पण तिच्यावर छापलेला क्रमांक पिकअपचा नसून लेस पॉल यांच्या नावावरील तारा अडकविण्याच्या एका भागाचा होता. कारखान्याच्या चिठ्ठीवरील मजकूरही जसाच्या तसा खरा मानता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अनुक्रमांकाबाबतही हीच दक्षता हवी. १९५८ च्या गिब्सन गिटारीवर शाईने उमटविलेला क्रमांक ८ या अंकाने आणि १९५९ चा ९ या अंकाने सुरू होतो. परंतु १९६० च्या दशकात कंपनीने अनेक क्रमांक एकाहून अधिक वेळा वापरले. त्यामुळे क्रमांक, सुट्या भागांवरील तारखा, झाळकामाच्या जुन्या खुणा आणि रवानगीच्या नोंदी यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे पाहावे लागते. अतिनील प्रकाशात जुने नायट्रोसेल्युलोज लाखरोगण वेगळ्या छटेने चमकते. नंतर रंगविलेला किंवा दुरुस्त केलेला भाग त्यामुळे उघडा पडतो.

व्हीची अन्य घराणी

गिब्सनशी संबंध नसलेल्या व्ही गिटारींचेही स्वतःचे वंशवृक्ष आहेत. जपानी कंपन्यांनी १९७० च्या दशकात गिब्सनच्या आराखड्यांच्या प्रतिकृती काढल्या. इबानेझची 'रॉकेट रोल' ही त्यांपैकीच एक होय. त्या काळातील अनेक इबानेझ गिटारींचा क्रमांक महिना दर्शविणाऱ्या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि पुढील दोन अंक वर्ष सांगतात. अमेरिकेत डीन झेलिन्स्की यांनी १९७७ पासून घडविलेल्या व्ही गिटारी मानेच्या टोकाशी, म्हणजे तारा ताणण्याच्या खुंट्या असतात तेथे, दुभंगलेल्या दिसतात.

दोन्ही पंख असमान असतील तर शोधाची दिशाच बदलते. वादक रँडी ऱ्होड्स यांनी १९८० च्या अखेरीस ग्रोव्हर जॅक्सन यांच्यासमवेत आखलेल्या गिटारीत एक पंख लांब आणि दुसरा आखूड होता. तिची मान धडाला जोडलेली नसून धडातून आरपार जाते. आज 'ऱ्होड्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या असमान व्ही गिटारींचे मूळ तेथे आहे.

न्यायालयांसमोरील प्रश्न

आकारावरून निर्माता ओळखता येतो का, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने २०१९ मध्ये फ्लाइंग व्हीच्या आकारावरील गिब्सनची व्यापारचिन्ह नोंदणी अग्राह्य ठरविली. हा आकार १९५८ मध्ये अत्यंत वेगळा असला, तरी २०१० मध्ये नोंदणीचा अर्ज झाला तोवर बाजारात गिटारींचे नानाविध आकार रुळले होते, असे न्यायालयाचे मत होते. अमेरिकेत मात्र २०२२ मध्ये टेक्सासमधील ज्यूरीने डीन गिटारींच्या उत्पादकाविरुद्धच्या दाव्यात फ्लाइंग व्हीसह काही आकारांबाबत गिब्सनच्या बाजूने कौल दिला. अन्य उत्पादकांनीही हे आकार दीर्घकाळ वापरल्याचा पुरावा वगळण्यात आल्याने अपील न्यायालयाने २०२४ मध्ये फेरसुनावणीचा आदेश दिला.

न्यायालयांनी तपासलेला प्रश्न हक्काचा होता. संग्राहकासमोरचा प्रश्न एका विशिष्ट वाद्याचा असतो. आकारामुळे त्याला फार तर घराण्याचा अंदाज बांधता येतो. वाद्याचा जन्मकाळ लाकूड, जोडकाम, सुटे भाग आणि नोंदी यांच्या एकत्रित साक्षीनेच सिद्ध होतो. या साक्षींत विसंगती आढळल्यास तिचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळेपर्यंत वाद्याला मोठ्या नावाचे लेबल न लावणे, हेच विक्रेता आणि खरेदीदार या दोघांच्याही हिताचे असते.