जिंकणे, हरणे आणि यश येणे

भीमपुरात निवडणुकीचा निकाल कळला की एकच बातमी तीन भाषांत फिरते. तेलुगू शेजारी ‘गेलिचाडु’ म्हणतो, उर्दू बोलणारा ‘जीत गया’ म्हणतो आणि आपण म्हणतो, ‘निवडून आला’. ‘गेलिचाडु’ मराठी कानाला आधी ‘गेला’ असेच ऐकू येते. अर्थ मात्र उलटा, तो जिंकला. पण आपल्या शब्दाकडे पाहा. त्यात जिंकणे नाहीच. सुपातले धान्य निवडावे तसे लोकांनी त्याला निवडले, आणि दुसरा ‘पडला’. कुस्तीत तर आपण डाव ‘मारतो’. मराठीला जिंकण्याचे इतके प्रकार ठाऊक आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

जिंकणे, जय आणि विजय यांचे मूळ एकच, संस्कृतातला ‘जि’ धातू. अर्जुनाचे जिष्णु हे नाव त्यातलेच. ज्याने स्वतःला जिंकले तो ‘जिन’, आणि त्याचे अनुयायी जैन. महाभारताचेही एक जुने नाव ‘जय’ आहे. जुन्या मराठीत ‘जिणणे’, ‘जिंतणे’ अशी रूपे होती. पुढे ‘जिंकणे’ रुळले. संस्कृतात ज्याला ‘अजेय’ म्हणतात त्याला मराठीने आपल्याच क्रियापदावरून ‘अजिंक्य’ केले, मागेपुढे संस्कृत साज चढवून. व्याकरणाच्या कडक मास्तरांना असा संकर आवडणार नाही, पण साताऱ्याच्या किल्ल्याला तोच शोभतो.

‘हरणे’ मात्र ‘हृ’ धातूकडून आले. हृ म्हणजे नेणे, हिरावणे. सीताहरणातले हरण तेच. द्यूतात पणाला लावलेले दुसऱ्याने नेले, म्हणजे आपण हरलो. तेव्हा जिंकणे आणि हरणे ही जोडी मुळात अशी, की एकाच्या घरात जे आले ते दुसऱ्याच्या घरातून गेलेले असते.

‘फत्ते’ अरबीतून आले आणि त्याचा धात्वर्थ आहे उघडणे. कुराणाचा पहिला अध्याय ‘फातिहा’, म्हणजे आरंभ, उघडणारा. तो याच धातूचा. किल्ल्याचा बंद दरवाजा उघडला की फत्ते. बखरींपासून आजच्या ‘मोहीम फत्ते’पर्यंत शब्द टिकला, आणि तो परका आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मुले ‘विन झालो’ म्हणाली की मला फारशी चिंता वाटत नाही. शब्द येतात, राहतात. काळजी वेगळीच आहे, तिच्याकडे वळतोच.

‘विजय’ हा शब्द आपल्या घरात खरा जागा होतो तो विजयादशमीला. पैनगंगेपलीकडे आपट्याची पाने सोने म्हणून देतात, तेलंगणात जम्मीची, म्हणजे शमीची. दोन्हीकडे सोने लुटायचे ते वाटण्यासाठी. सीमोल्लंघनाचे म्हणाल तर आपल्याकडे सीमा १९५६ साली स्वतःच सरकली. राजुरा आणि किनवट आदिलाबादमधून मुंबई राज्यात गेले. त्याबद्दल बोलताना कुणी जिंकले-हरले म्हणत नाही. ‘ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो’ एवढेच म्हणतात.

आता ‘यश’. मूळ अर्थ कीर्ती. मराठीत त्याची वागणूक फार वेगळी आहे. जिंकणे आपण करतो, यश ‘येते’. वैद्याच्या हाताला यश असते, त्यात कुणी हरत नाही. परीक्षेत यश मिळते. परीक्षा कुणी जिंकत नाही. बक्षीसही मिळत असे. अलीकडे वर्तमानपत्रांत बक्षीस, पदक, शिष्यवृत्ती, सगळे ‘जिंकले’ जाते. इंग्रजीत एकच क्रियापद असल्याने हे घडते, आणि पदकापुरते ते खपून जाईल. तिथे निदान मागे राहिलेले स्पर्धक असतात.

खपू नये असे एक ठिकाण आहे. ‘कर्करोगाशी लढाई जिंकली’ असा मथळा आपण वाचतो, बरे वाटते. पण जिंकण्यामागे हरणे बांधलेलेच येते. मग पुढच्या आठवड्यात एखाद्या घरी दुःखद घटना घडते आणि लिहिले जाते, ‘अखेर झुंज हरला’. ज्याने महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्या, ज्याच्यासाठी घरच्यांनी आदिलाबाद, नागपूर, हैदराबाद केले, तो हरला? त्याने काही कमी केले, असाच त्याचा सूर निघतो.

आपल्या भाषेत यासाठी शब्द होते आणि आहेत. औषधाचा गुण येतो किंवा येत नाही. ताप उतरतो, रोग्याला उतार पडतो, माणूस बरा होतो, उठून बसतो. ‘गुण आला नाही’ या वाक्यात कर्ता रोगी नाही, गुण आहे. दोष असलाच तर तो औषधाचा. श्रद्धांजलीचा मजकूर लिहायची वेळ कधी तुमच्यावर आली, तर एवढेच लिहा, की पुष्कळ उपचार केले, गुण आला नाही.